पुंडलिकाला बहीण असती तर



ज्येष्ठ लागला की आमच्या दिवाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पुरुष मंडळी सावली धरून जाळी दुरुस्त करतात. कुणी लहान होडी घेऊन खाडीत गेला तर तेवढेच. बायकांच्या पाटीत ओली मासळी कमी होते, सुकट आणि सुके बोंबील वाढतात. याच दिवसांत शाळा उघडतात, आणि याच दिवसांत देहू-आळंदीहून पालख्या निघतात. हात रिकामा, पोरांची फी आणि पांडुरंगाचे बोलावणे ही तिन्ही एकाच महिन्यात दारात उभी राहतात. शेतकरी माउलींची ओढाताणही काही कमी नसते, पेरणी टाकून निघणे काय असते ते तुम्ही जाणता. कोळणीची ओढाताण मात्र कीर्तनात फारशी ऐकू येत नाही, म्हणून आज ती लिहिते.

दिवाळे म्हणजे नवी मुंबईत बेलापूरच्या मोठमोठ्या कचेऱ्यांच्या पाठीशी, खाडीच्या काठाला असलेला कोळीवाडा. दिवाळीत आमचा बहिरीदेव समुद्रातून गावात येतो, पाहुणचार घेतो आणि पुन्हा समुद्रात जातो. माझे माहेर याच गावात आणि सासरही इथेच, दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे आईला अंतर देण्याची सबब मला कधीच मिळाली नाही.

आई आज ब्याऐंशीची आहे. तिने पायी वारी कधी केली नाही. पंढरी पाहिली ती एकदाच, एस.टी.ने, एका कार्तिकीला. सकाळी पोचली आणि रात्री परत निघाली. दर्शनबारी इतकी लांब होती की कळसाला हात जोडून, नामदेव पायरीला डोके टेकून ती फिरली. एवढ्यावरच तिचे समाधान झाले, असे ती म्हणते. मला ते खरे वाटत नाही, पण तिच्याशी वाद कोण घालणार?

मी तिसरी-चौथीत असताना गावातून एक लहानशी दिंडी निघाली होती. शेजारच्या दोघी-तिघी निघाल्या. त्यांनी आईलाही आग्रह केला. आई तेव्हा पाटी उतरवून पाय धूत होती. ती म्हणाली, "पंढरी काय पलून जाते? पोरींची शाला पलून जाईल." आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. भावाची शाळा पळून जाईल असे ती म्हणाली नाही, कारण ती पळाली तरी त्याच्यासाठी होडी होती. मुलींना होडी नव्हती. आमच्यात मुलीच्या हाती पाटी येते. ती पाटी आमच्या डोक्यावर येऊ नये म्हणून आईने तिचे ओझे आणखी वीस वर्षे स्वतःच्या डोक्यावर ठेवले.

माळेचेही तसेच झाले. आईला माळ घालायची होती. मासे सोडणे तिला जड नव्हते. श्रावण ती पाळायची, एकादशी पाळायची, सोमवारही पाळायची. तिचा प्रश्न वेगळा होता. खायचे नाही आणि विकायचे, हे खोटे तर नाही? आमच्यात असे माळकरी आहेत, जे मासे धरतात, विकतात आणि तोंडात घालत नाहीत. कीर्तनात सजन कसायाची कथाही आपण ऐकतो. पण आईचे मन मानेना. ती म्हणायची, पोटासाठी मी जीव विकते, मग देवासमोर सोवळेपणा मिरवू कशाला. मी नोकरीला लागून घर सावरले, तिची पाटी सुटली, त्यानंतर दुसऱ्या वर्षी तिने माळ घातली. तेव्हा ती पन्नाशी उलटून गेली होती आणि गुडघे बोलायला लागले होते.

आता माझे सांगते. हे लिहायला हात कचरतो.

मी शाळेत असताना आई बेलापूरला रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसायची. शाळेतून घरी यायची वाट तिच्यावरूनच जायची. सातवी-आठवीत मी मैत्रिणींबरोबर असले की रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत असे. आई मला पाहत असे. तिने कधी हाक मारली नाही. मला वाटायचे, गिऱ्हाइकाच्या गडबडीत तिचे लक्ष नसेल. पुढे कित्येक वर्षांनी, मला मुलगी झाल्यावर, ती सहज बोलून गेली, "तू पलीकडून जायचीस ना, तवा मी मान खाली घालून कोलंबी सोलायची. तुला लाज नको." तिने लाज गिळली ती माझी, स्वतःची नव्हे. आणि हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपे गेले असते.

नोकरीतून निवृत्त झाले आणि तीन वर्षांपूर्वी मी पहिली पायी वारी केली. तिकीट काढून, गाडीने जाऊन, दर्शन घेऊन येण्याची नव्हे. आळंदीहून पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, माउलींच्या पालखीबरोबर. मनात होते की आईच्या वाटची वारी मी चालते आहे. निघण्याच्या महिनाभर आधी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, अंथरुणाला खिळली. मी थांबायला हवे होते का? त्या वेळी मी फार विचार केला नाही. माझी लेक घरी होती. एका सरकारी परीक्षेचा अभ्यास करीत होती. मी तिला म्हटले, "आजीची सेवा हीच तुझी वारी समज. पुंडलिकाने तरी दुसरे काय केले?" ती काही बोलली नाही. मी तो होकार धरला.

दिवे घाट चढून सासवडच्या मुक्कामी होते. पाय सुजले होते, मन मात्र कापसासारखे हलके. घरी फोन लावला. आईची विचारपूस झाली. मग लेक शांतपणे म्हणाली, "आई, तू चालतेयस ते माझ्या जिवावर. जा, चाल, पण एक सांगते. तू मला विचारले नव्हतेस." त्या आठवड्यात तिची परीक्षा होती. ती तिने दिली नाही, हे मला घरी परतल्यावर कळले.

माउली, त्या रात्री मला झोप लागली नाही. शेजारी बायका ओव्या म्हणत होत्या आणि माझ्या कानात एकच गोष्ट घुमत होती. आईने मला तिची वारी दिली. मी ती घेतली, आणि तिची किंमत लेकीच्या खात्यावर मांडली.

पुंडलिकाची गोष्ट आपण जन्मभर ऐकली आहे, तरी सासवडनंतरच्या वाटेवर मी ती पहिल्यांदा नीट ऐकली असे म्हणेन. महिपतींसारख्या चरित्रकारांनी सांगितलेली आणि आपल्या आज्यांनी घोळवलेली. आईबापांना छळणारा पुंडलिक काशीच्या वाटेवर निघतो. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात रात्री त्याला दिसते की मळक्या, कुरूप तीन स्त्रिया येतात, आश्रम झाडतात, सडा घालतात, पाणी भरतात आणि बाहेर पडताना उजळून निघतात. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती. जगाची पापे धुऊन मळलेल्या. ज्याने आईबापांची सेवा केली त्याच्या अंगणात राबून त्या निर्मळ होतात. तिथे पुंडलिकाचे डोळे उघडतात. तो परततो, आईबापांचे पाय चेपू लागतो, आणि देव दारी आला तेव्हा त्याला वीट देऊन थांबायला सांगतो.

या गोष्टीत मला दोन बाबी दिसल्या, ज्या इतकी वर्षे दिसल्या नव्हत्या.

पहिली अशी की पाय चेपणारा मुलगा आहे. आपल्या संप्रदायाचा सारा डोलारा ज्या एका सेवेवर उभा आहे, ती सेवा पुरुषाने केलेली आहे. तरी आपल्या घरांत आई अंथरुणाला लागली की कुणाकडे पाहिले जाते? सुनेकडे, नाहीतर लेकीकडे. मी लेकीला पुंडलिकाचे नाव सांगून अडकवले, आणि माझा सख्खा भाऊ, जो त्याच घरात राहतो, ज्याची होडी बंदीमुळे किनाऱ्याला बांधलेली होती आणि जो दुपारभर जाळी घेऊन ओट्यावर बसलेला होता, त्याला मी काहीच विचारले नाही. माझ्या मनातसुद्धा आले नाही. पुंडलिकाला बहीण असती तर गोष्ट कदाचित झालीच नसती. पाय तिने चेपले असते, पुंडलिक काशीला पोचला असता, आणि देव तिच्या दारी येऊन उभा राहिला असता तर कुणाला कळलेही नसते.

दुसरी बाब त्या तीन नद्यांची. दुसऱ्यांचा मळ अंगावर घेऊन त्या येतात आणि झाडलोट करून जातात, आणि ही झाडलोट कुणाच्या डोळ्यांत येत नाही, पुंडलिकाला दिसते तीही रात्री, चोरून. तुमच्या घरात तुमचा मळ अंगावर घेणारी कोण आहे, हे तुम्ही कधी रात्री जागून पाहिले आहे का? मी पाहिले नव्हते.

आपण विठ्ठलाला आई म्हणतो, ज्ञानोबांना माउली म्हणतो, वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसालाही माउली म्हणून पाया पडतो. पंढरीला माहेर म्हणतो. माहेर कुणाला असते? लेकीला. म्हणजे संतांनी, मोठमोठ्या पुरुष संतांनीसुद्धा, देवापुढे उभे राहताना सासुरवाशीण लेकीचे मन घेतले. आईकडे जायची ओढ, वाट पाहणे, निरोप घेताना भरून येणे. आई आणि लेक यांच्यातला हा धागा आपल्या भक्तीचा कणा आहे. ज्यांच्या मनातून तो धागा घेतला त्या लेकींना मात्र खऱ्या माहेरी किती वेळा जाता आले, हे आपल्या पणज्यांना विचारायला हवे होते. असो.

संतचरित्रांत आई-लेकीची जोडी शोधायला गेले तर कान्होपात्रा आठवते. मंगळवेढ्याची, शामा नावाच्या गणिकेची मुलगी. मंगळवेढे ते पंढरपूर म्हणजे वारकऱ्याच्या पायांना एका दिवसाची वाट. शामेने मुलीला लाडाकोडात वाढवले, नाचगाणे शिकवले, आणि आपलाच धंदा तिने पुढे चालवावा असे तिला वाटत होते. कान्होपात्रेने नकार दिला, वारकऱ्यांच्या मेळ्याबरोबर पंढरीस गेली. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायी देह ठेवला. मंदिरात तिच्या नावाचे तरटीचे झाड आपण पाहतो, हात लावतो. मोजकेच अभंग तिच्या नावावर आहेत, पण ते आजही गायले जातात.

कीर्तनात शामेला आपण वाईट ठरवून मोकळे होतो. मी तसे करणार नाही. शामेजवळ जे होते तेच ती देत होती. तिच्या जगात बाईला सुरक्षित ठेवणारी तेवढी एकच गोष्ट तिला माहीत होती, घर, दागिना, दरबार. ती मुलीला विकत होती असे आपण म्हणतो. तिला वाटत असेल, मी मुलीला वाचवते आहे. माझी आई पाटी लपवत होती, शामा पाटी पुढे करीत होती, इतकाच फरक. दोघींच्या मनात मुलीचे पोट होते. आणि कान्होपात्रेने जे केले ते आईचा अपमान होता का? ज्या दिवशी ती मेळ्याबरोबर निघाली त्या दिवशी शामेला तसेच वाटले असणार. आपल्याला आज ती संत दिसते. आईचे देणे नाकारूनही लेकीला देव भेटू शकतो, हे आपल्या परंपरेने मान्य केले आहे, मंदिराच्या आवारात झाड लावून मान्य केले आहे. मग आपल्या घरातल्या लेकीने "मला विचारले नव्हतेस" म्हटले की आपल्याला ती उद्धट का वाटते?

दुसरी आठवण रुक्मिणीबाईंची, ज्ञानदेवांच्या आईची. नवरा काशीला जाऊन संन्यासी झाला, गुरूंच्या आज्ञेने परतला, चार मुले झाली, आणि गावाने वाळीत टाकले. मुलांना समाजात घ्यावे म्हणून देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले. परंपरा सांगते की विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी ते स्वीकारले. धाकटी मुक्ताई तेव्हा अगदी लहान. आपण इथे डोळे पुसतो आणि पुढे जातो. थोडे थांबा. त्या त्यागाने जे मिळायचे होते ते मिळाले का? नाही. आईबाप गेले तरी मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावेच लागले. मागणाऱ्यांची मागणी संपली नव्हती. ज्याने त्याग मागितला त्याचे समाधान त्यागाने होतेच असे नाही, हे त्या चार पोरांनी लहानपणीच पाहिले. आणि आईविना वाढलेली मुक्ताई पुढे काय झाली? रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदादाची समजूत घालणारी तीच. वयाने सर्वांत लहान, आणि घरातली आई. आपण तिचे कौतुक करतो, करायलाच हवे. पण त्या पोरीला लहान राहायला मिळाले नाही, हेही मनात ठेवून कौतुक करावे.

त्यागाचा एक प्रकार आमच्या भागात कागदावर होतो. १९७० मध्ये सिडको आली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आमच्या वडिलांच्या वाट्याची जमीन थोडीच होती, तरी भूखंडाचा कागद आला. मग मोठ्यांनी बहिणींना बोलावले आणि हक्कसोडपत्र पुढे ठेवले. तुमच्याकडेही हे झाले असेल. २००५ च्या कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच केला, हे मला कचेरीत काम केल्याने चांगले ठाऊक होते. आईने फक्त एवढे म्हटले, "भावाचा घर आहे, बाय." तिनेही तिच्या भावांना अशीच सही दिली होती, अंगठ्याची. मी सही केली. तुम्ही मला विचाराल, मनापासून केलीस का? नाही. आईसाठी केली. भाऊ त्या दिवशी पेढे घेऊन आला, मी एक खाल्ला, तो गोड लागला नाही. ही सही त्याग होती की नाही, याचा निकाल मला आजही लावता येत नाही.

निकाल लावायचा प्रयत्न मी गीतेच्या अठराव्या अध्यायात केला. ज्ञानेश्वरीच्या पारायणात हा अध्याय शेवटी येतो, तोवर आपण दमलेले असतो, समाप्तीच्या प्रसादाची घाई असते. तिथे अर्जुन विचारतो की संन्यास आणि त्याग यांत फरक काय. देव त्यागाचे तीन प्रकार सांगतात. मोहाने कर्म टाकले तर तो तामस. देहाला कष्ट पडतील म्हणून टाकले तर राजस. आणि करायचे ते करीत राहून त्याची आसक्ती आणि फळ सोडले तर सात्त्विक. माउलींनी हे फार मायेने उलगडले आहे.

हे माप मी आईला लावून पाहिले. तिने वारी टाकली ती कष्टाला भिऊन नव्हे. पाटी डोक्यावर घेऊन ती रोज जेवढी चालायची, तेवढ्यात वर्षभरात चार वाऱ्या झाल्या असत्या. तिने तिचे काम केले आणि फळावर हात ठेवला नाही. मी रस्त्याच्या पलीकडून गेले तेव्हाही नाही. मला मोठेपण मिळाले तेव्हा तिने "माझ्यामुळे" असा शब्द काढला नाही. तिच्या तोंडून त्याग हा शब्दच मी कधी ऐकला नाही. तो शब्द मी वापरते, कारण हिशेब माझ्याकडे आहे.

मग ते माप मी माझ्या लेकीला लावले, आणि अडले. तिने परीक्षा सोडली. पण तिने सोडली का? तिच्याकडून सोडवून घेतली मी. दुसऱ्याकडून करवून घेतलेला त्याग त्या तिन्ही प्रकारांत बसत नाही. देवाने त्याला नावच दिलेले नाही. जे दुसऱ्याचे होते ते मी पांडुरंगाला वाहिले. दुसऱ्याच्या परसातली फुले न विचारता तोडून देवाला घालू नयेत, हे आम्हाला लहानपणी शिकवले होते.

कुणी म्हणेल, नातीने आजीचे केले तर बिघडले कुठे? घरात काय परवानगी मागायची असते? मला वाटते मागायची असते, आणि घरातच जास्त. परक्याला आपण विचारतोच. पुंडलिकाला कुणी सांगितले नव्हते की पाय चेप. त्याचे त्याने ठरवले, म्हणून देव थांबला. त्याला बापाने दरडावून बसवले असते तर देव थांबला असता का, मला शंका आहे. आणि दुसरे म्हणेल, मग तू थांबायचे होतेस. पांडुरंगाला थांबायची सवय आहे, एक वर्ष तोही थांबला असता. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले. पण माउली, आई अशीच थांबली होती. एकेक वर्ष म्हणत थांबली आणि तिचे गुडघे गेले. बायकांनी थांबून प्रश्न सोडवायचा, ही रीत आमच्या तीन पिढ्यांनी पाळली. आजीनेही पाळली. ती सप्ताहात मांडवाबाहेर शेवटच्या ओळीत बसायची, अंगाला मासळीचा वास येतो म्हणून. थांबणे हे उत्तर मला आता पुरेसे वाटत नाही.

गेल्या वर्षी मी वारीला गेले नाही. या वर्षी वैशाखातच भावाकडे गेले. तो जाळ्याच्या गाठी बांधत होता. मी म्हटले, "दादा, मी आळंदीला जाते आहे. आईचे तुला करायचे आहे." तो म्हणाला, "बायकांचा मना काय समजतंय?" मी म्हटले, "पुंडलिकाला समजत होते." तो हसला, मग हसायचा थांबला. पण गोष्ट इतकी सोपी नव्हती. भावाला सांगितलेले काम फिरून वहिनीच्या पदरात पडते, आणि वहिनी पहाटे चारला उठून बाजार गाठते. तिच्या पाटीवर माझी वारी ठेवली तर मी पुन्हा तेच केले. म्हणून तिघांनी बसून वाटून घेतले. सकाळची आंघोळ घालायला एक बाई येते, तिचे पैसे माझ्या पेन्शनमधून. रात्रीचे औषध, कूस बदलणे आणि पाय चेपणे भावाकडे. मी फक्त लोणंदपर्यंत जाणार आणि तिथून परत फिरणार. पुढची वाट पुढे पाहू. लेक आता नोकरीला आहे, दुसऱ्या गावी. तिला मी काही सांगितले नाही. तिने आपणहून विचारले, तेव्हा म्हटले, "तुला वाटले तर रविवारी ये, नाही वाटले तर येऊ नकोस." ती म्हणाली, बघते. तिला वारी आवडत नाही. आवडावी असा माझा हट्टही राहिलेला नाही.

तिची मी माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे गं." ठीक आहे म्हणजे माफ केले असे नाही, हे मला कळते.

परवा रात्री सामान बांधून आईकडे गेले. भाऊ पायाशी बसला होता. होडीच्या दोराने घट्टे पडलेले हात, त्यांनी तो ओल्या दोराला पीळ द्यावा तसे पाय दाबत होता. आई कण्हत म्हणाली, "हलू दाब, मेल्या, जाला नाय तो." मग मला जवळ बोलावले. पदराची गाठ सोडली, त्यात शंभराची नोट होती, घामाने मऊ झालेली. मला वाटले, तिच्या नावाने पेटीत टाकायला सांगेल.

"माझ्या आयच्या नावान टाक," ती म्हणाली. "ती मांडवाभायेरच बसली."

मी विचारले, "आणि तुझ्या नावाने?"

ती भावाकडे बघत होती. "आदी तिचा होऊ दे," म्हणाली, आणि पाय जरा पुढे सरकवला.